माझ्या नावाची डबी

२० ऑगस्ट २०१८, सोमवार

जूनमध्ये चेरीचा हंगाम संपला आणि त्याबरोबर माझी नोकरीही. अमेरिकेत, याकिमाच्या या खोऱ्यात चौतीस वर्षं शिडीवर काढली. मुकादम म्हणाला, "एवोदिओकाका, एकोणसत्तराव्या वर्षी तुम्ही पडलात तर मला आत टाकतील. घरी बसा." बसलो. आता दिवसभर बायकोच्या, हर्लिंदाच्या, पायांत पायांत येतो. तिने वैतागून मुलीला फोन केला, मुलीने ही वही पाठवली. "पप्पा, गावाकडचं आठवेल तसं लिहा." लिहायला बसलो आणि पहिल्याच दिवशी काय लिहावं लागतंय, तर परसाकडचं.

सकाळी नोएमी आली. ही आमची धर्मकन्या, म्हणून मी तिचा पाद्रिनो आणि हर्लिंदा तिची माद्रिना. बाप्तिस्म्याच्या दिवशी मीच तिला हातांवर घेतलं होतं आणि तिने माझा एकुलता एक चांगला सदरा ओला केला होता. आता ती दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. आपल्या लोकांच्या घरोघरी फिरते. पिशवीतून तिने एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. वर माझं नाव छापलेलं: एवोदिओ कासारेस.

"पाद्रिनो, यात एक काडी आहे. परसाकडला गेलात की ती जरा टोचायची, बाटलीत घालायची, पाकीट बंद करून टपालात टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही यात कळतं. आतड्याचा कॅन्सर असला तर वेळेवर सापडतो."

"नोएमी, टपालवाला रामोन माझा मित्र आहे. त्याच्या हातात मी हे देऊ?"

"वरून काही दिसत नाही हो! आपल्या पुरुषांचं हेच. लाजेने मरतात आणि मग खरंच मरतात."

हर्लिंदा चुलीपाशी उभी होती. पाठ न वळवता म्हणाली, "आणि बायकांचं?"

"बायकांनाही करायची असते, माद्रिना. तुमच्यासाठी आणू का एक?"

"नको बाई. माझं नाव कुठल्या वहीत नाही, ते तसंच राहू दे."

"दवाखान्यात कागद विचारत नाहीत."

"आज नाही विचारत," हर्लिंदा म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

तिचंही खरं आहे. शहाऐंशी साली सरकारने बिनकागदाच्या मजुरांना माफी दिली, त्यात मला कागद मिळाले, तेव्हा ती गावी होती. ती मागाहून डोंगरातून, चोरून सीमा ओलांडून आली. आमच्या घरात औषधोपचाराचं सरकारी कार्ड एकच, माझं, आणि दवाखाना मात्र दोघांचा. तिची छाती जळायची तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की माझी जळते. गोळ्या तिने खाल्ल्या. तिच्या खांद्यासाठी मी माझा खांदा धरून कण्हलो आणि मलम घेऊन आलो. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "सेन्योर कासारेस, तुमच्या एका अंगात दोन माणसांची दुखणी आहेत." आमच्या गल्लीत सगळे असंच करतात. कुणी याला चोरी म्हणत नाही.

२७ ऑगस्ट, सोमवार

आज ला नोरियाची फार आठवण आली. आमचं गाव मेक्सिकोत, मिचोआकानच्या डोंगरात, इतक्या उंचावर की ऑगस्टमध्येही सकाळी तोंडातून वाफ निघायची. हर्लिंदाला मी पहिल्यांदा पाहिलं ते मक्याच्या गिरणीत. डोक्यावर बादली, बादलीत चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका. रांगेत तिचा नंबर माझ्या आईच्या मागे होता आणि ती आईशी भांडत होती, कारण आई मधेच घुसली होती. आई घरी येऊन म्हणाली, "त्या पोरीच्या तोंडाला लागू नकोस." मी दुसऱ्या दिवशीपासून गिरणीत स्वतः जायला लागलो.

ती इथे आली त्या वर्षी मुकादमाने तिला हसून छोटी शिडी दिली. संध्याकाळपर्यंत तिच्या पेट्या माझ्यापेक्षा चार जास्त. झाडावर असली की ती गायची, आणि दोन रांगा पलीकडची माणसं तिच्या गाण्याच्या चालीवर फळं तोडायची.

आता ती खुर्चीवर बसून तोर्तिया थापते. मधेच उठून संडासात जाते आणि बराच वेळ येत नाही. घागऱ्याला दोरी बांधलीय. म्हटलं, "म्हातारे, बारीक झालीस, लग्नाच्या वेळी होतीस तशी." म्हणाली, "उन्हाळा आहे." तिलाही गावाची ओढ लागली असणार. परवा तिच्या आईच्या थडग्याबद्दल विचारत होती, कुणी गवत काढतं का म्हणून. या वयात मन मागेच धावतं.

१ सप्टेंबर, शनिवार

नोएमी चर्चच्या दारातच उभी. "पाद्रिनो, डबी?"

"पाठवली," मी म्हणालो. देवाच्या दारात, सगळ्यांसमोर. तिने माझ्या गालाचा मुका घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर डबी मी शेडमध्ये जुन्या शिडीमागे टाकली आहे. काडी टोचायची म्हणे! हर्लिंदा शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. एरवी माझं खोटं ती भर चौकात धुते.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठा विनोद झाला.

नोएमी दवाखान्याचं पत्र घेऊन आली. आली ती माझा हात धरूनच बसली. "पाद्रिनो, घाबरू नका. तुमच्या नमुन्यात रक्त सापडलंय. याचा अर्थ कॅन्सरच असं नाही. पण दुर्बिणीने आतून तपासायला हवं, आणि लवकर."

मला हसू आवरेना. ज्या डबीला मी हातही लावला नाही, तिच्यात यांना रक्त सापडलं! ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला हे लोक आजार शोधूनच देतात. माझं शरीर ठणठणीत आहे, आजारी आहे ते कार्ड. पण बोलू कसा? चर्चच्या दारात खोटं बोलून बसलोय.

हर्लिंदा मात्र पायरीवर मटकन बसली. "नक्की रक्तच का?" तिने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, आणि नोएमी गेटपाशी पोहोचली तरी तिसऱ्यांदा. चेहरा चुन्यासारखा पांढरा. पंचेचाळीस वर्षं संसार झाला, रोज मला गाढव म्हणते, आणि माझ्या एका पत्राने बाईचे पाय गेले. मला फार भरून आलं. तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "तू जाशील ना तपासायला? शपथ घे."

१६ सप्टेंबर, रविवार

मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाचा जलसा. बागेत बँड होता, पण आमच्या गावच्या बँडची सर नाही. गावच्या बँडमध्ये माझा मामा मोठा पितळी भोंगा वाजवायचा. मिरवणूक उतारावरून यायची तेव्हा आधी तो भोंगा दिसायचा आणि मग मामा. हर्लिंदाला नाचायला ओढलं, तिने दोन पावलं टाकली आणि पोट धरून बाकावर बसली. म्हणाली, "चप्पल चावते."

घरी आल्यावर तिने मला कागद दिला. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, माझ्यासाठी. लाल रक्त पडत असेल तर काय आणि काळं पडलं तर काय. परसाकडला बारीक, फितीसारखी होत असेल तर काय. जिना चढताना दम लागतो त्याचा याच्याशी संबंध आहे का. कुठल्या गोळ्या, किती दिवस.

"अगं, मला यातलं काहीच होत नाही."

"तरी विचार. सगळं विचार आणि लिहून आण."

काळजीने माणूस काय काय कल्पना करतं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कालचा दिवस लिहिण्याजोगा नाही. त्यांनी पोट साफ करायला दिलेलं पाणी प्यायलो आणि संडासातच मुक्काम केला. गेल्या जन्मीचं खाल्लेलंही बाहेर पडलं असेल. हर्लिंदा दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, "दुखतं का? किती दुखतं? सहन होतं का?" असं विचारत.

आज झोपवलं, आत दुर्बीण घातली, काही कळलं नाही. उठलो तर डॉक्टर म्हणाले, "सेन्योर, एवढं स्वच्छ आतडं मी वर्षभरात पाहिलं नाही. दहा वर्षांनी या." नोएमी म्हणाली की कधी कधी डबी उगीच घाबरवते. मी मनात म्हटलं, बाळे, तुला काय सांगू.

घरी आलो. हर्लिंदा दारात.

"काही नाही," मी ओरडलो. "स्वच्छ!"

"औषध काय दिलं?"

"कशाचं औषध? काही नाहीच तर!"

"काहीच दिलं नाही? आणि माझे प्रश्न?"

"नाही विचारले. वेड लागल्यासारखे प्रश्न होते ते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. आनंदाची बातमी कळायला तिला वेळ लागतो.

१३ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या स्वच्छ आतड्यांच्या सन्मानार्थ गल्लीला जेवण! हर्लिंदाने कोरुंदा केल्या, मक्याच्या हिरव्या पानात त्रिकोणी बांधून, वर घट्ट साय, अगदी ला नोरियात करतात तशा. मी सात खाल्ल्या. रामोनने माझ्या नावाने चषक उचलला. "एवोदिओच्या पार्श्वभागाला दीर्घायुष्य लाभो!" बायकासुद्धा हसून लोळल्या.

हर्लिंदा स्वयंपाकघरात रडत होती. मी मागून जाऊन म्हटलं, "अगं, आता कशाला? मी वाचलो ना." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो. तू वाचलास." तिने एकही कोरुंदा खाल्ली नाही. मुलगी म्हणाली, आईला बरं नाही का? मी म्हटलं, महिनाभराचं दडपण उतरलंय.

२८ ऑक्टोबर, रविवार

दोघं अंगणात मिरच्या भाजत होतो. पोतंभर मिरच्या, लोखंडी जाळीचं पिंप, डोळ्यांतून पाणी. मला गप्प बसवेना. म्हटलं, "म्हातारे, एक गंमत सांगतो, नोएमीला सांगू नकोस. ती डबी मी पाठवलीच नव्हती. शेडमध्ये शिडीमागे पडलीय. मी हात न लावता त्यांना रक्त सापडलं!" आणि पोट धरून हसलो.

ती पिंप फिरवत राहिली. "शिडीमागे नाही ती."

"आहे. थांब, दाखवतो."

"नाही म्हटलं ना. मी वापरली."

मला कळलं नाही. मी विचारलं, कशाला वापरलीस?

"तू जसा माझा खांदा घेऊन डॉक्टरकडे गेलास, तशी मी डबी भरली. म्हटलं तुझ्या नावावर रक्त निघेल, डॉक्टर तुला गोळ्या देतील, त्या मी घेईन. नेहमीसारखं. मला काय माहीत ते तुला दुर्बीण घालतील?"

मिरच्या जळाल्या. पोतंभर.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मी पत्र आलं तेव्हा हसलो होतो. ते पान पुन्हा वाचलं. या वहीत सगळं माझ्याच हाताने लिहिलंय, चप्पल, घागरा, खुर्ची, फितीसारखी. पुढचं लिहवत नाही.

नोएमीकडे गेलो आणि सगळं सांगितलं, चर्चच्या दारातलं खोटंसुद्धा. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने डोकं हातांत धरलं. "पाद्रिनो, सहा आठवडे गेले. मी माद्रिनाला डबी फुकट दिली असती हो. त्या नको म्हणाल्या आणि मी पिशवी उचलून चालती झाले. दारात आणखी जरा बसायला हवं होतं."

दुर्बिणीचं मात्र सोपं नाही. डबी सगळ्यांना मिळते, दुर्बीण कार्डवाल्यांना. बिनकार्डाच्या माणसांसाठी दवाखान्याकडे एक छोटा निधी आहे, त्याला रांग आहे. आणि रांगेत नाव लावायचं तर नाव द्यायला हवं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस ती हटून बसलीय. "मला ला नोरियाला जायचंय. जे व्हायचं ते तिथे होऊ दे."

मला कबूल करायला लाज वाटते, पण क्षणभर माझं मन तिकडे धावलंच. धुकं, गिरणी, मामाचा भोंगा. मीच तर गेले तीन महिने या वहीत गाव गाव करतोय. मग २००१ आठवलं. तिची आई गेली तेव्हा मी सीझन सोडून गेलो नाही, ती एकटी मातीला गेली आणि एकटीच वाळवंटातून चोरून परत आली. त्या येण्यामुळे तिचा कागदांचा अर्ज कायमचा मेला, असं वकिलाने सांगितलं. आता गेली तर परतीचं दार नाही. गावात आमचं घर आहे, थडगी आहेत, पण डॉक्टर चार तासांवर. ती बरी व्हायला गावाला निघालेली नाही.

"माझ्या नावाने ते दार ठोठावतील," ती म्हणाली. "तुझं कार्डसुद्धा जाईल. मुलांना त्रास होईल. एका म्हातारीपायी?"

नोएमी हर प्रकारे समजावून थकली. मुलगी फोनवर रडली. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हे बघ हर्लिंदा! तुझ्या डबीपायी मी दिवसभर संडासात बसलो. परक्या माणसांनी माझ्या आत दिवा लावून पाहिलं. सगळी गल्ली माझ्या ढुंगणाच्या नावाने प्यायली. हे सगळं तुझ्या वाट्याचं होतं, मी भोगलं. आणि आता तू मागे हटतेस?"

ती हसायलाच लागली. हसता हसता पोट धरलं, मग रडली, मग पुन्हा हसली. म्हणाली, "गाढवा, चल. लिही माझं नाव."

मी लिहिलं नाही. नोएमीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: हर्लिंदा एस्केदा मोरा.

११ डिसेंबर, मंगळवार

पाच आठवड्यांनी रांग सरली. पाणी तिने निमूट प्यायलं, मी बाहेर खुर्चीवर बसलो.

सापडलं. डाव्या बाजूला, लिंबाएवढं. डॉक्टर नोएमीशी इंग्रजीत बोलले आणि मी नोएमीचा चेहरा वाचत होतो. कापून काढता येईल म्हणतात. आणखी सहा महिने गेले असते तर असं म्हणाले नसते. ऑपरेशनसाठी मोठ्या हॉस्पिटलात मदतीचा अर्ज करायचा, चौदा पानांचा. नोएमी कामातून वेळ काढून तिथल्या अर्ज पाहणाऱ्या बाईला भेटून आली आणि अर्ज हातात देऊनच परतली.

मी गाडी चालवत घरी आणली. वाटेत बागा उघड्या पडलेल्या, छाटणी सुरू. ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "ही रांग आपली. चौऱ्याण्णवची. तेव्हा एवढीशी झाडं होती." मला ती हवी आहे, एवढंच. गाव नको, बँड नको, काही नको.

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

ऑपरेशन झालं. साडेतीन तास. आतड्याचा वीतभर तुकडा काढला. जवळच्या दोन गाठींत थोडं होतं, म्हणून सहा महिने औषध घ्यावं लागेल. "आशा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. मी नोएमीला तीनदा विचारलं, नक्की चांगली म्हणाले का?

रामोनने गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना दम दिलाय. मंगळवारपासून अकरा पाकिटं टपालात पडली. वरून काही दिसत नाही, असं तो शपथेवर सांगतो.

२४ जानेवारी, गुरुवार

आज डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या खाटेशी बसले. भाषांतराला नोएमी होती. त्यांनी विचारलं, "सेन्योरा, कुठे कुठे दुखतं?"

माझं तोंड आपोआप उघडलं. "तिला डाव्या बाजूला..."

"थांब म्हाताऱ्या," ती म्हणाली. "माझं मला सांगू दे."

आणि तिने सांगितलं. शहाण्णव साली शिडी घसरली तेव्हापासूनचा खांदा. छातीच्या त्या गोळ्या, ज्या तिला कधी सोसल्या नाहीत, धडधड व्हायची, पण मी एवढं नाटक करून आणल्यात म्हणून ती गिळत राहिली. डावा कान, जो पॅकिंग शेडच्या यंत्राने गेला. मी इतकी वर्षं त्याच बाजूला झोपतो आणि मला वाटायचं, ती मुद्दाम उत्तर देत नाही. डॉक्टर लिहीत होते. पान भरलं, त्यांनी उलटलं.

"आणि रक्त कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष झालं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा याला सांगितलं होतं. हा शिडीला तेल लावत होता. म्हणाला, मिरची कमी खा."

तिने ते रागाने सांगितलं नाही. खांद्याचं सांगितलं तसंच सांगितलं. नोएमीने हळू आवाजात भाषांतर केलं.

घरी येऊन ही वही चाळली. गिरणीतली रांग आहे, मामाचा भोंगा आहे, ओला झालेला सदरा आहे. दीड वर्षापूर्वीची ती दुपार कुठेच नाही. संध्याकाळपासून डोळे मिटून बसलोय. शिडी आठवते, तेलाचा डबा आठवतो. ती दारात येऊन उभी राहिली असेल, हात घागऱ्याला पुसत असेल. ती काय म्हणाली ते मला आठवत नाही.